दक्षिण अंदमानातील गोड्या तळ्यावरची पक्षिनिरीक्षणाची सकाळ : आमचा अनुभव

श्री विजयपुरमला, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरला, येणारी बहुतेक मराठी कुटुंबे सेल्युलर जेल आणि हॅवलॉकचा किनारा पाहून परततात. आम्ही जानेवारीतली एक सकाळ पक्ष्यांसाठी राखून ठेवली आणि स्थानिक मार्गदर्शकासह भातखाचरांच्या कडेच्या, फार तर अर्ध्या एकराच्या गोड्या पाण्याच्या तळ्यावर जाऊन बसलो. येथे सूर्य पुण्यापेक्षा तासाभराहून अधिक आधी उगवतो, त्यामुळे हॉटेल अंधारातच सोडावे लागते.

मार्गदर्शकाने आम्हाला काठापासून चाळीसेक पावलांवर थांबवले, हे मला सर्वांत आवडले. उजाडताच पाणकणसाच्या आडून लाजरी पाणकोंबडी शेपूट उडवीत बाहेर आली, पलीकडे अडई बदकांचा थवा शिट्ट्या घालीत उतरला आणि थोड्या वेळाने ज्याच्यासाठी आलो होतो ते अंदमानी बदक दिसले. टेलिस्कोपमधून त्याच्या डोळ्याभोवतीचे पांढरे कडे स्पष्ट दिसत होते. एका पायावर उभे राहून ते पंखाचे एकेक पीस चोचीने साफ करीत होते. हे बदक मुख्यतः याच द्वीपसमूहात आढळते आणि झाडांच्या ढोलीत घरटे करते, त्यामुळे त्याला पाण्याबरोबरच जुन्या झाडांचीही गरज असते. २६ डिसेंबर २००४च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन खचली, सिप्पीघाटसारख्या भागात समुद्राचे पाणी भातशेतीत शिरले ते तिथेच राहिले. खाऱ्या दलदलीतही हे बदक वावरते, पण गावातली अशी लहान तळी बुजली तर पाणकोंबड्या, काणूक नावाची छोटी बदके आणि अडई यांना जवळपास दुसरा आसरा उरत नाही, हे मार्गदर्शकाने समोरचे पक्षी दाखवीतच समजावून सांगितले.

तक्रार आहे ती ज्या एजंटामार्फत नोंदणी केली त्याच्याबद्दल. त्याने एका सकाळीत तीन ठिकाणे ठरवली होती आणि चालक पाऊण तासातच गाडी सुरू करून हॉर्न वाजवू लागला. अडईंचा अख्खा थवा उडाला आणि परत आला नाही. मार्गदर्शकाने आम्हाला आणखी तासभर बसू दिले म्हणून सकाळ वाया गेली नाही.

म्हणून नोंदणी थेट मार्गदर्शकाशी बोलून करावी आणि एकाच तळ्यासाठी किमान तीन तास मागून घ्यावेत. दुर्बीण स्वतःची न्यावी, कारण टेलिस्कोप एकच असतो आणि माणसे चार असली की पाळी येईपर्यंत पक्षी पाणकणसात शिरलेला असतो.