नळीचा पंप, बिननळीचा पंप की आपलं पेनच बरं?

रोज विरार-चर्चगेट करणाऱ्या टाइप १ डायबिटीसवाल्याने इन्सुलिनचं पेन सोडून इन्सुलिन पंपाचं नाव काढलं की दोन प्रश्न येतात, पैशांचा आणि गर्दीचा. पैशांचं डीलर सांगेलच. फक्त मशीनची किंमत न विचारता महिन्याच्या सामानाचा खर्च विचारा.

नळीचा पंप कमरेला नाहीतर खिशात असतो आणि बारीक नळीने इन्सुलिन पोटावरच्या कॅन्युलात, म्हणजे कातडीत बसवलेल्या छोट्या टोकात जातं. दादरला उतरताना ती नळी कुणाच्या बॅगेत अडकली तर कॅन्युला उपटलीच समजा. वायरलेस, म्हणजे पॅच पंपात ही भानगड नाही. इन्सुलिन भरलेला पॉड थेट दंडावर किंवा पोटावर चिकटतो आणि रिमोटवरून चालतो. अमेरिकेत २००५ साली मंजुरी मिळालेल्या ऑम्नीपॉडच्या पॉडमध्ये २०० युनिट मावतात आणि तो तीन दिवसांनी बदलायचा. दिवसाला ८० युनिट लागणाऱ्याला तो तीन दिवस पुरणारच नाही. नळीवाल्यांत ३०० युनिटचा साठा मिळतो.

शिवाय नळीचा पंप आंघोळीपुरता काढून परत जोडता येतो. पॉडसकट आंघोळ चालते, पण तो एकदा निघाला की वाया, आतल्या इन्सुलिनसकट. मे महिन्यातल्या मुंबईच्या घामात हे होऊ शकतं, म्हणून वरून जादा टेप लावाच. ऑम्नीपॉडचा रिमोट घरी राहिला तर बेसल, म्हणजे दिवसभर थोडंथोडं जाणारं इन्सुलिन चालू राहतं, जेवणाचा बोलस, म्हणजे त्या जेवणापुरता जादा डोस मात्र देता येत नाही. डबा उघडून बसल्यावर हे लक्षात आलं तर पंचाईत!

दोन्ही पंपांत फक्त लवकर काम करणारं इन्सुलिन असतं. पेनवाल्याच्या अंगात दिवसभर टिकणाऱ्या लाँग-अ‍ॅक्टिंगचा आधार असतो, पंपवाल्याच्या नसतो. पुरवठा तुटला की काही तासांत रक्तात कीटोन, म्हणजे इन्सुलिनअभावी तयार होणारी घातक आम्लं वाढू लागतात. २६ जुलै २००५ च्या पुरात माणसं रात्रभर ऑफिसात आणि गाड्यांत अडकली होती. तेव्हा पंप कुठलाही घ्या, बॅगेत पेन, सुया आणि ग्लुकोमीटर हवाच.

मग पंप घ्यायचाच कशाला? पहाटे शुगर चढते, रात्री लो होते, अशांना तासातासाचं बेसल वेगळं लावता येतं, तेही युनिटच्या अगदी लहान भागात. पेनवर अर्ध्या-एक युनिटच्या खाली जाता येत नाही. तूप घातलेल्या पुरणपोळीसाठी बोलस थोडा आत्ता, थोडा दोन-तीन तासांत असा पसरवता येतो. पण जेवणातले कार्ब (पिष्ट-साखर) मोजायचा कंटाळा असेल तर पंप ते काम करून देणार नाही.

माझं मत विचाराल तर हातात पैसे मोजके असतील तेव्हा आधी सतत शुगर मोजणारा सेन्सर लावा आणि पेनवरच राहा. रात्रीचा आलेख बघूनही गाडी रुळावर येत नसेल तर पंप. लोकलवाल्याला पॉड, जास्त डोसवाल्याला नळी. निर्णयाआधी सलाइन भरलेला पॉड लावून बघता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. आणि ते तीन दिवस सुट्टीचे नकोत, सकाळच्या फास्ट लोकलचे हवेत.