सायकियाट्री प्रॅक्टिकलचा कोर्स: आठ महिन्यांनंतर, आणि त्या म्हणींच्या यादीबद्दल

एमडीच्या प्रॅक्टिकलसाठी १४,००० रुपये भरून हा ऑनलाइन कोर्स घेतला. स्टायपेंडमधले पैसे आहेत, म्हणून हिशेब मागतोय.

आधी म्हणींचं. मेंटल स्टेटसमध्ये, म्हणजे पेशंटच्या मनःस्थितीच्या तपासणीत, अमूर्त विचार (शब्दांपलीकडचा अर्थ लागतो का ते) तपासायला त्यांनी मराठी पीडीएफ दिलीय. सगळ्या इंग्रजी म्हणी, शब्दाला शब्द ठेवून मराठीत आणलेल्या. डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीचे (एमडीत जिल्हा रुग्णालयात काढायचे) तीन महिने मी यवतमाळ जिल्ह्यात होतो. ओपीडीत साठीचे एक काका आले, कपाशीवाले; चार महिने झोप नाही, जेवणावर वासना नाही. त्यांना विचारलं, ‘घरंगळत्या दगडाला शेवाळ लागत नाही, म्हणजे काय?’ काका बराच वेळ टेबलाकडे बघत राहिले. ‘शेवाळ तं विहिरीत लागते, डॉक्टरसाहेब.’

कोर्समध्ये शिकवल्याप्रमाणे मी लिहिलं: अमूर्त विचार बाधित. शेजारी सिस्टर रजिस्टर भरत होत्या. म्हणाल्या, ‘त्याइले आपली म्हण विचारा ना.’ मग ‘नाचता येईना अंगण वाकडं’ विचारली. काका लगेच बोलले, ‘सोताले जमत नाही अन् नाव दुसऱ्याले.’ मी ती ओळ खोडली. डिप्रेशनच्या माणसावर डिमेन्शियाची शंका घेऊन बसलो असतो.

तीन मेल केले. ‘कंटेंट स्टँडर्ड आहे’ एवढंच उत्तर. रिफंड नाही.

एक स्टार देणार होतो, पण पाचव्या महिन्यात मॉक लाँग केस, म्हणजे एक केस परीक्षकांसमोर पूर्ण मांडायची सराव परीक्षा, दिली आणि मत बदललं. मी डिप्रेशनची केस व्यवस्थित मांडली. परीक्षकांनी एकच विचारलं: ‘झोप कमी, तरी थकवा नाही, बोलणं नि खर्च वाढलेला, असे दिवस पूर्वी येऊन गेले का?’ मी विचारलंच नव्हतं. ही मॅनियाची, म्हणजे मन टोकाचं चढल्याची लक्षणं. डिप्रेशनसोबत असे दिवसही येणारं बायपोलर निसटलं, तर नुसत्या अँटिडिप्रेसंटवर पेशंट मॅनियात जाऊ शकतो. तेव्हापासून हा प्रश्न विचारायचा कधी राहिला नाही. अशा सहा मॉक मिळतात, सहाही उत्तम.

बाकी, लक्ष तपासायला १०० मधून ७ वजा करत जायला सांगा, एवढंच शिकवतात. शाळा न पाहिलेल्या माणसाला २० मधून १, ४० मधून ३ विचारायचं हे वॉर्डातच कळलं. कायद्याच्या नोट्समध्ये अजून भारतीय दंड संहितेचं कलम ३०९ आहे, आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं. १ जुलै २०२४ पासून ती संहिताच गेली, आणि व्हायव्हात मेंटल हेल्थकेअर अॅक्ट २०१७ चं कलम ११५ सांगावं लागतं, जे असा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरतं.

तीन स्टार. रिन्यू करणार नाही. मॉक सुट्या विकल्या तर घेईन. सिस्टरांकडून उतरवून घेतलेल्या अकरा म्हणी वहीत आहेत, यवतमाळकडे पोस्टिंग असलेल्यांनी जरूर मागा.