घरच्या गणितासाठी काय घ्यावं: काड्या, माळ, रंगीत पट्ट्या की मोती?

पाच ते आठ वर्षांच्या मुलाला घरीच शिकवायचं ठरवलं की साहित्याची यादी लांबत जाते. सगळं एकदम घेऊ नका. या वयात गणिताचा पाया म्हणजे दशक-एकक, आणि त्यासाठी कशाचा किती उपयोग होतो ते पाहून निवडा.

पहिली निवड काड्यांची. आइस्क्रीमच्या 120 काड्या आणि 15 रबर पुरतात. दहा सुट्यांचा गठ्ठा, दहा गठ्ठ्यांचा मोठा गठ्ठा. शंभराच्या पुढे जाता यावं म्हणून वीस जास्त. 42 मधून 17 काढताना दोन सुट्यांतून सात निघत नाहीत, म्हणून एक गठ्ठा सोडावाच लागतो: तीन गठ्ठे आणि बारा सुट्या. दशक सुटा करणं म्हणजे काय, ते इथे मुलाच्या हातूनच घडतं. गठ्ठे मोठ्यांनी आधीच बांधून, वर चिकटपट्टी लावून ठेवले तर मात्र हे साधत नाही. मूल गठ्ठ्याला 'एक' मोजतं आणि तो सोडता येतो हे त्याला सुचतच नाही.

गणितमाळेचं काम वेगळं. शंभर मणी, दहा लाल, दहा पांढरे असे आलटून पालटून. मणी एक सेंटिमीटरचे असतील तर दोन खिळ्यांमध्ये सव्वा मीटर अंतर ठेवा, म्हणजे मणी सरकवायला जागा राहते. 38 + 6 करताना मूल आधी दोन मणी पुढे जाऊन 40 गाठतं, मग चार. खुणेचा चिमटा मण्यावर नव्हे, मोजलेल्या शेवटच्या मण्यानंतरच्या फटीत लावायचा. नाहीतर उत्तर हमखास एकाने चुकतं.

मराठी मुलांना माळेचा आणखी एक फायदा. 'सत्तावीस' म्हणताना सात आधी येतात, म्हणून बरीच मुलं 72 लिहितात. बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' असं वाचन जोडीला दिलं, त्यावर वादही झाला. घरी दोन्ही वापरावं. माळेवर दोन पूर्ण रंग आणि वर सात मणी दिसत असताना दोन्ही नावं म्हटली की गोंधळ कमी होतो. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, हेही तिथे डोळ्यांना दिसतं.

क्विझनेर पट्ट्या म्हणजे वेगवेगळ्या लांबीच्या रंगीत पट्ट्या, बेल्जियमच्या जॉर्ज क्विझनेर या शिक्षकाच्या. पांढरी 1 सेंटिमीटरची, पिवळी 5 ची, नारिंगी 10 ची. त्यांवर खुणा नसतात, म्हणून मोजण्याऐवजी लांबी जुळवावी लागते. दहाच्या जोड्या आणि पुढे अपूर्णांक यासाठी यांच्या तोडीचं काही नाही. नारिंगी 'एक' धरली की पिवळी अर्धी होते. म्हणूनच 'पिवळी म्हणजे पाच' असं पाठ करून घेऊ नये. दोन अंकी वजाबाकीला मात्र काड्याच बऱ्या.

मॉन्टेसरी पद्धतीतले सोनेरी मोती, म्हणजे सुटा मोती, दहाची काडी, शंभराचा चौरस आणि हजाराचा घन असा संच, महाग. हजाराचा घन हातात घेण्याची गंमत खरी, पण चार अंकी संख्या येईपर्यंत ते घेतले नाहीत तरी चालेल.

मुलाच्या आवडीने शिकवायचं की ठरलेल्या क्रमाने? प्रश्न आवडीतून घ्यावा, क्रम पालकाने सांभाळावा. दुकान-दुकान खेळायला आवडत असेल तर सुरुवातीला फक्त 1, 10 आणि 100 रुपयेच ठेवा. 5, 20, 50 आले की दहा-दहाची रचना मोडते. तेही काड्यांनंतर, कारण दहाची नोट एकाच्या नाण्याच्या दहापट दिसत नाही. क्रिकेटवेड्या मुलाला धावांची बेरीज माळेवर करू द्या. षटकांपाशी जरा जपून: 4.5 षटकं म्हणजे साडेचार नव्हेत, 29 चेंडू. दशांश चिन्ह शिकवण्याआधी हा फरक काड्यांचे सहा-सहाचे गठ्ठे करून दाखवा.