डॉक्सोरुबिसिनआधी टू-डी इको की मुगा स्कॅन?
लिम्फोमाच्या (लसिका ग्रंथींच्या कर्करोगाच्या) आर-चॉप या अनेक औषधांच्या उपचारातलं लालभडक औषध डॉक्सोरुबिसिन हृदयाचा स्नायू कमकुवत करू शकतं. म्हणून आधी हृदयाचं पंपिंग मोजतात: इकोने (हृदयाची सोनोग्राफी) किंवा मुगाने (किरणोत्सर्गी द्रव्य वापरून केलेला हृदयाचा स्कॅन).

माझा कौल इकोला. छातीवर जेल लावून प्रोब फिरवला की झालं, किरणोत्सर्ग नाही. झडपा दिसतात, हृदयाभोवती साचलेलं पाणीही दिसतं (छातीत गाठी असतील तर हे फार कामाचं). स्ट्रेन (हृदयाचा स्नायू किती आकुंचन पावतो त्याचं माप) मोजला, तर इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर फेकतं तो आकडा) घसरण्याआधीच कुणकुण लागू शकते. आकडा मात्र करणाऱ्याच्या हातावर थोडा वरखाली होतो.

मुगात किरणोत्सर्गी टेक्निशियम जोडलेल्या तांबड्या पेशींवरून तो आकडा पक्का येतो, बाकी फारसं कळत नाही. स्थूलपणामुळे इको धूसर आला तर मुगा बरा. पण इकोचे 60 आणि मुगाचे 54 यांची वजाबाकी करत बसू नका. पुढच्या वेळीही तीच तपासणी मागा.