डीआर ५.०: इटलीचा बिल्ला, चीनची गाडी. वर्षभराच्या वापरानंतर

ज्यांना फक्त निकाल हवा आहे त्यांच्यासाठी आधीच सांगतो. गाडी चांगली आहे, किमतीच्या मानाने तर फारच चांगली, आणि मी ती इतक्यात विकणार नाही. पण 'इटालियन गाडी' म्हणून ती घेऊ नका. चिनी गाडी आहे हे नीट समजून घ्या, त्या हिशेबाने भाव करा, त्या हिशेबाने तिची काळजी घ्या, म्हणजे पस्तावायची वेळ येणार नाही.

मी मूळचा चिंचवडचा. नोकरीसाठी इटलीतल्या तोरीनोत (इंग्रजीत ट्यूरिन) आलो आणि इथेच संसार थाटला. तोरीनो म्हणजे फियाटचं गाव. १८९९ पासून ही कंपनी इथे आहे, आणि मिराफिओरीच्या कारखान्यात काम केलेला एक तरी माणूस इथे घरटी सापडतो. अशा गावात डीआर घेतली म्हणून ऑफिसमधल्या दोघा-तिघांनी भुवया उंचावल्या. एकाने तर सरळ विचारलं, "फियाट सोडून ही मोलिसेवाली का?" त्याला मी जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो आहे, कारण इटलीत नव्याने येणारी आपली बरीच मुलं हाच प्रश्न मला विचारतात.

डीआर म्हणजे दी रिझिओ. मास्सिमो दी रिझिओ हे मूळचे गाड्यांचे विक्रेते, शर्यतीही खेळलेले. दक्षिणेकडच्या मोलिसे प्रांतात माक्किया दीझेर्निआ नावाचं छोटं गाव आहे, तिथे त्यांनी ही कंपनी उभी केली. पहिली गाडी डीआर५. ती म्हणजे चीनच्या चेरी कंपनीची टिग्गो. २००७ मध्ये ती चक्क हायपरमार्केटमध्ये विकायला ठेवली होती. एका बाजूला भाजी, दुसऱ्या बाजूला एसयूव्ही! पुढे तिच्यात फियाटचं १.९ लिटरचं डिझेल इंजिनही बसवलं. २०११ मध्ये फियाटने सिसिलीतला तेर्मिनी इमेरेसेचा कारखाना बंद केला, तेव्हा तो चालवायला घेणाऱ्यांत डीआरचं नाव पुढे होतं. ते जमलं नाही. कामगारांनी आशा लावली होती, आणि ती मोडली. त्यानंतर ही कंपनी बुडणार असंच सगळे धरून चालले होते. पण ती परत उभी राहिली, आणि २०२३ मध्ये इटलीत तीस हजारांहून जास्त गाड्या विकून मोकळी झाली. मोलिसेसारख्या कोपऱ्यातल्या प्रांतातून हे करून दाखवणं सोपं नाही, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

आता माझ्या गाडीबद्दल. डीआर ५.०, दीड लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १५४ अश्वशक्ती, सीव्हीटी ऑटोमॅटिक (ठरावीक गिअरांऐवजी सलग बदलत जाणारा), आणि सोबत एलपीजी. खालची गाडी चेरीची टिग्गो ५एक्स. मी ती नवी घेतली नाही. शहराबाहेरच्या एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडून घेतली. तो गाडी दाखवताना दर दोन वाक्यांनी "तुत्ता इतालियाना", सगळी इटालियन, असं म्हणत होता. मी बॉनेट उघडायला लावलं. नळ्यांवर चिनी अक्षरं, सेन्सरच्या चिठ्ठ्यांवर चिनी अक्षरं, मागच्या दाराच्या काचेच्या कोपऱ्यात चीनची सीसीसी खूण. मी त्याला एवढंच म्हणालो की मला गाडी आवडली आहे, ती चिनी आहे म्हणून माझी काही हरकत नाही, फक्त भाव त्याप्रमाणे लाव. त्याने लावला. गाडी घ्यायला जाणाऱ्या प्रत्येकाला माझा हाच सल्ला आहे. वाद घालू नका, बॉनेट उघडा.

चालवायला कशी? शहरात उत्तम. बसण्याची जागा उंच, आरसे मोठे, कॅमेरा चारी बाजूंनी दाखवतो, आणि तोरीनोच्या ट्रामच्या रुळांवरून जाताना सस्पेन्शन मऊ लागतं. सुसाच्या खोऱ्यातून सेस्त्रिएरेला आम्ही बरेचदा जातो. ते गाव २,००० मीटरच्या वर आहे. तिथे टर्बोचा खरा उपयोग कळतो, कारण विरळ हवेत साधं पेट्रोल इंजिन दमतं, हे दमत नाही. चढावर पाय दाबला की इंजिनाचा आवाज आधी वाढतो आणि वेग मागून येतो. हा सीव्हीटी या प्रकाराचाच स्वभाव आहे, कुठल्याही कंपनीची घ्या. पाय हलका ठेवायची सवय लागली की आवाजही जातो आणि इंधनही वाचतं. सावोनाकडे जाणारा ए६ महामार्ग म्हणजे उतार, बोगदे आणि वळणं यांची रांग. तिथे गाडी १३० ला स्थिर राहते. जर्मन गाडीसारखी रस्त्याला चिकटून नाही, पण मागच्या सीटवर आई-बाबा गाढ झोपले होते, यापेक्षा वेगळं प्रमाणपत्र मला नको.

एलपीजी ही या गाडीची खरी जान. कंपनी या प्रकाराला 'थर्मोहायब्रिड' म्हणते, पण त्यात बॅटरीवर चालणारी मोटर वगैरे काही नाही. पेट्रोल आणि गॅस, दोन इंधनं, बस. गाडी पेट्रोलवर सुरू होते, इंजिन तापलं की गुपचूप गॅसवर जाते. गॅसवर शंभर किलोमीटरला मला साधारण दहा-अकरा लिटर लागतात, पेट्रोलवर आठच्या आसपास. आकडा गॅसचा मोठा दिसतो, पण इटलीत गॅसचा भाव पेट्रोलच्या निम्म्याहूनही कमी असतो, त्यामुळे किलोमीटरमागचा खर्च जवळजवळ अर्ध्यावर येतो. थंडीत पो नदीच्या खोऱ्यात धूर साचला की जुन्या डिझेल गाड्यांवर बंधनं येतात, गॅसच्या गाडीला सहसा सूट मिळते. हाही फायदाच.

गॅसच्या काही गोष्टी मात्र आधीच माहीत हव्यात. टाकी स्टेपनीच्या जागी बसते, त्यामुळे स्टेपनी नाही, पंक्चरचं किट मिळतं. टाकी सुरक्षेसाठी ऐंशी टक्केच भरते. पंपावर गॅस बहुतेक ठिकाणी माणूसच भरून देतो, आणि छोट्या गावांत तो माणूस दुपारी जेवायला गेला की तीनपर्यंत येत नाही. रविवारी तर विचारूच नका. म्हणून लांबच्या प्रवासाला निघताना पेट्रोलची टाकी कधीही रिकामी ठेवत नाही. शॉपिंग मॉलच्या तळघरात फक्त पहिल्या मजल्यापर्यंतच जाता येतं. आणि दहा वर्षांनी टाकी बदलावी लागते, त्याचे पैसे जुनी गाडी घेताना हिशेबात धरा.

आता सर्वांत महत्त्वाचं, ज्यासाठी मी हे लिहायला बसलो. जून २०२४ मध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने डीआरला ६० लाख युरोंचा दंड ठोठावला. कारणं दोन होती. पहिलं असं की, डीआर आणि ईव्हीओ (हाही डीआरचाच ब्रँड) या नावांच्या गाड्या इटलीत बनतात असा ग्राहकांचा समज करून दिला, प्रत्यक्षात त्या चीनमध्ये बनून येतात आणि इटलीत फक्त किरकोळ, शेवटचं काम होतं. दुसरं, सुटे भाग आणि विक्रीनंतरची सेवा पुरेशी दिली नाही. लोक पहिल्या कारणावर बोलत बसले. बातम्याही त्याच्याच झाल्या. माझ्या मते ग्राहकाच्या दृष्टीने दुसरं कारण दहापट मोठं आहे. गाडी कुठे बनली याने माझं महिन्याचं बजेट बदलत नाही. हेडलाइटचा एक भाग न मिळाल्याने गाडी गॅरेजात अडकून राहिली तर बदलतं.

त्याच वर्षी इटलीत 'इटालियन' या शब्दावरून आणखी दोन मोठे प्रसंग झाले. अल्फा रोमिओने नव्या गाडीचं नाव मिलानो ठेवलं, गाडी मात्र पोलंडमध्ये बनणार. मंत्री आदोल्फो उर्सो यांनी हरकत घेतली आणि काही दिवसांतच नाव बदलून जुनिअर झालं. मग मोरोक्कोत बनलेल्या फियाट टोपोलिनो लिव्होर्नोच्या बंदरात अडवल्या, कारण त्यांच्या दारावर इटलीच्या झेंड्याची छोटी पट्टी होती. म्हणजे बाहेर बनलेल्या गाडीवर इटलीचं नाव लावण्यात मोलिसेची कंपनी एकटी नाही. हे मी कोणाची बाजू घ्यायला सांगत नाही. पण तोरीनोत राहून मला एक गोष्ट पक्की कळली आहे: ज्या शहराने पिढ्यान्‌पिढ्या गाड्या घडवल्या, तिथल्या माणसाला झेंड्याची पट्टी खोटी निघाली की खरंच लागतं. तिथे कारखान्याचे दिवस कमी झाले आहेत, पगार कापले गेले आहेत. त्या रागाला कारण आहे.

आम्हा पिंपरी-चिंचवडच्या लोकांना हा प्रकार नवा नाही. २००९ मध्ये आमच्या चिंचवडमध्येच प्रीमियर कंपनीने रिओ नावाची छोटी एसयूव्ही आणली होती. ती चीनच्या झोटये कंपनीची गाडी, आणि तिचं मूळ त्याहून मागे, जपानच्या दायहात्सू टेरिओसमध्ये. पुढे तिच्यात फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन आलं. चिनी सांगाडा, फियाटचं डिझेल, वर स्थानिक नाव: डीआर५ आणि रिओ यांची कहाणी किती मिळतीजुळती आहे पाहा! पद्मिनी बनवणाऱ्या प्रीमियरची गाडी म्हणून काही जणांनी विश्वासाने रिओ घेतली. ती फार चालली नाही, आणि अशी गाडी बाजारातून गेली की मालकाला भागांसाठी दारोदार फिरावं लागतं. बाबांना माझी गाडी दाखवली तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला: "पार्ट मिळतात का रे?" पद्मिनी चालवलेल्या माणसाला काय विचारायचं ते बरोबर ठाऊक असतं. उलट भारतात एमजी हेक्टर आली ती चीनच्या बाओजुन ५३० वर बेतलेली, पण बनते गुजरातमध्ये हालोलला. लोकांना माहीत आहे, तरी लोक घेतात. कारण सरळ आहे: गाडी समोर आहे, सर्व्हिस समोर आहे.

पार्टबाबत माझं म्हणणं असं. खालची गाडी चेरीची, आणि चेरी ही काही लहानसहान कंपनी नाही. आन्हुई प्रांतातल्या वूहू शहरातली ही कंपनी चीनमधून सर्वाधिक गाड्या निर्यात करणाऱ्यांत आहे. टिग्गो ५एक्स अनेक देशांत वेगवेगळ्या नावांनी धावते. म्हणून फिल्टर, ब्रेक पॅड, बेअरिंग असल्या झिजणाऱ्या वस्तू चेरीच्या मूळ क्रमांकावरून शोधता येतात. आमच्या गल्लीतला मेकॅनिक आता आधी तोच क्रमांक बघतो. पुढची जाळी, बंपर, दिवे हे मात्र डीआरचेच वेगळे असू शकतात, तिथे बाहेरचा पर्याय चालत नाही. त्यामुळे पार्किंगमध्ये मी गाडी कोपऱ्यात, भिंतीच्या कडेला लावतो.

नव्या लायसन्सवाल्यांसाठी एक सूचना. भारतीय लायसन्स इटलीत बदलून मिळत नाही, इथे परत परीक्षा द्यावी लागते, आणि मग तुम्ही नवशिके ठरता. डिसेंबर २०२४ पासूनच्या नियमाप्रमाणे नवशिक्याला तीन वर्षं १०५ किलोवॅटपर्यंतचीच गाडी चालवता येते, शिवाय वजनामागच्या शक्तीचीही मर्यादा आहे. १५४ अश्वशक्ती म्हणजे सुमारे ११३ किलोवॅट. हातात कोरं लायसन्स असेल तर ही गाडी तुमच्यासाठी नाही, डीआरच्याच छोट्या मॉडेलांकडे बघा आणि त्यांचेही आकडे कागदावर तपासा.

कोणी घ्यावी? महिन्याला बरंच फिरणं होत असेल, गॅसचा पंप वाटेवर असेल आणि गाडी आठ-दहा वर्षं ठेवायची असेल, त्याने खुशाल घ्यावी. चेरीने आता ओमोडा आणि जेकू ही नावं घेऊन स्वतःच इटलीत दुकानं थाटली आहेत, तेव्हा नवी घेणाऱ्याने त्यांच्याशीही भाव आणि वॉरंटी ताडून पाहावी. दोन-तीन वर्षांत विकायची असेल तर नको. आणि सही करण्याआधी घराजवळचं अधिकृत गॅरेज गाठा. तिथल्या माणसाला एकच विचारा: या मॉडेलचा पुढचा बंपर आणि डावा हेडलाइट मागवला तर किती दिवसांत येतो? त्याने कॉम्प्युटरवर बघून तारीख सांगितली तर पुढे जा. "येईल, येईल" म्हणाला, तर दुसरं गॅरेज शोधा, नाहीतर दुसरी गाडी.