क्रोकोइट घ्यायचं की फीनिकोक्रोइट?

आपल्याकडे खनिजं जमवणाऱ्याचं कपाट साधारण एकाच वळणाचं असतं. जळगावचं स्टिल्बाइट, नाशिककडचं ॲपोफिलाइट, आणि नशीब जोरावर असेल तर वाघोलीचं निळंशार कॅव्हन्साइट. काही वर्षांनी या पांढऱ्या-हिरवट गर्दीत एखादं लालभडक काहीतरी हवं, असं वाटायला लागतं. शोधाशोध करता करता माणूस शिशाच्या क्रोमेटांपाशी, म्हणजे शिसं, क्रोमियम आणि ऑक्सिजन यांच्या खनिजांपाशी, पोचतो आणि तिथे अडतो. सगळ्यांनी फोटोत पाहिलेलं क्रोकोइट घ्यायचं, की नाव उच्चारतानाच जीभ अडखळावी असं फीनिकोक्रोइट?

पहिलंच क्रोमेट घेत असाल तर क्रोकोइट घ्या. फीनिकोक्रोइट मला जास्त आवडतं, पण ते कपाटात मिरवण्याचं खनिज नाही, भिंगाखाली बसून वाचण्याचं आहे. शिवाय ते घेताना फसायला फार वेळ लागत नाही.

दोघांचं माहेर एकच: उरल पर्वतात येकातेरिनबुर्गजवळच्या बेरेझोव्स्कच्या सोन्याच्या खाणी. क्रोकोइटचं वर्णन खनिजशास्त्रज्ञ लेमान यांनी 1766 साली केलं, तेव्हा ते ‘सायबेरियातलं तांबडं शिसं’ म्हणून ओळखलं जाई. त्याच खनिजात फ्रेंच रसायनज्ञ व्होक्लँ यांना 1797 साली एक नवं मूलद्रव्य सापडलं, ते क्रोमियम. आजचं नाव ग्रीक ‘क्रोकोस’वरून, म्हणजे केशरावरून आलं. फीनिकोक्रोइटची ओळख पटायला मात्र 1833 उजाडलं. हेरमान यांनी त्याला ‘मेलॅनोक्रोइट’ म्हटलं, म्हणजे काळ्या रंगाचं. ते नाव खनिजशास्त्रज्ञ ग्लोकर यांना पटलं नसावं. त्यांनी 1839 मध्ये गडद लाल या अर्थाचं आजचं नाव दिलं. प्रत्यक्ष तुकडा पाहिला की ग्लोकर यांचीच बाजू घ्यावीशी वाटते.

आता फरक. क्रोकोइटमध्ये शिशाचा एक अणू, क्रोमियमचा एक आणि ऑक्सिजनचे चार. हिशेब सरळ. फीनिकोक्रोइटमध्ये शिशाचे दोन, क्रोमियमचा एक आणि ऑक्सिजनचे पाच. यातले चार ऑक्सिजन क्रोमियमभोवती असतात. पाचव्याचा क्रोमियमशी काही संबंध नसतो, तो फक्त शिशाला धरून असतो. अशा प्रत्येक ऑक्सिजनभोवती शिशाचे चार अणू येतात, हे चौकडे कडेला कडा लावून साखळ्या करतात आणि क्रोमेटचे गट त्या साखळ्यांच्या आधाराने बसतात. म्हणून क्रोकोइटमध्ये वजनाने शिसं सुमारे 64 टक्के, तर फीनिकोक्रोइटमध्ये जवळजवळ 76 टक्के. क्रोमियम मात्र 16 टक्क्यांवरून साडेनऊवर येतं.

वर्गीकरणात दोघं शेजारी बसतात, पण एका बाकावर नाही. स्ट्रुन्झच्या पद्धतीत दोन्ही सातव्या वर्गात, सल्फेटांच्या घरात आहेत, कारण क्रोमेटचा गट सल्फेटसारखाच चार ऑक्सिजनांचा. त्यात क्रोकोइटचा क्रमांक 7.एफए.20, म्हणजे निव्वळ क्रोमेट. फीनिकोक्रोइट 7.एफबी.05, म्हणजे वर आणखी काही जोडलेलं क्रोमेट, इथे तो पाचवा ऑक्सिजन. दोघांचे स्फटिक एकनताक्षच (तीन अक्षांच्या कोनांपैकी एकच तिरका), पण रचनेची नाती वेगळी. क्रोकोइटची ठेवण मोनॅझाइटसारखी, म्हणजे केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मिळणाऱ्या फॉस्फेटासारखी. फीनिकोक्रोइट स्कॉटलंडमधल्या लॅनार्काइट या शिशाच्या सल्फेटाचं जुळं. लॅनार्काइटमधल्या सल्फेटच्या जागी क्रोमेट बसवा, झालं फीनिकोक्रोइट.

हे गणित सुटायला बराच काळ गेला. जुन्या पुस्तकांत त्याची रासायनिक संरचना वेगळीच धरलेली असे आणि विशिष्ट गुरुत्व, म्हणजे ते पाण्याच्या किती पट जड, 5.75 दिलेलं असे. खरं तर तिथेच शंका यायला हवी होती. क्रोकोइटचं विशिष्ट गुरुत्व 6 च्या आसपास आहे, मग शिसं त्याहून जास्त असलेलं खनिज हलकं कसं भरेल? विल्यम्स, मॅक्लीन आणि अँथनी यांनी 1970 साली नव्याने अभ्यास करून शिसं-क्रोमियमचं दोनास एक हे प्रमाण पक्कं केलं. आता विशिष्ट गुरुत्व 7 च्या किंचित वर धरतात. जुनं पुस्तक हाताशी असेल तर 5.75 वर पेन्सिलीने काट मारून ठेवा.

घरच्या घरी हे पाहता येईल का? क्रोकोइटचं वजन हाताला लगेच कळतं. स्टिल्बाइटची सवय असलेल्याला त्याच आकाराचा तुकडा पावणेतीन पट जड लागतो. फीनिकोक्रोइटच्या बाबतीत हात उपयोगी पडत नाही, कारण ते बहुतेक वेळा दगडावर पातळ थर, पुटं किंवा बारीक चपटे स्फटिक अशा रूपात येतं. वजन तुम्ही दगडाचं करता, खनिजाचं नाही. कठिनताही (मोसच्या एक ते दहाच्या मापावरची) कामाची नाही. फीनिकोक्रोइट 2.5, क्रोकोइट 2.5 ते 3. दोन्ही इतकी मऊ की ओरखडा काढून पाहणं म्हणजे तुकडा खराब करणंच.

उरतो कस. सोनार करतो तेच, फक्त कसोटीऐवजी चिनीमातीच्या कपाचं बूड. तिथली गोल कड चकाकी न दिलेली, खरखरीत असते. माझ्याकडे एकदा चिठ्ठीवर ‘फीनिकोक्रोइट’ लिहिलेला तुकडा आला. रंग चांगला गडद, वर चमकही हिऱ्यासारखी. डबीच्या तळाशी गळून पडलेला एक कण चिमट्यात धरून कपाच्या कडेवर ओढला. रेघ आली हळदीत थोडं कुंकू मिसळल्यासारखी, पिवळट नारिंगी. म्हणजे क्रोकोइट. फीनिकोक्रोइटचा कस विटेसारखा लाल येतो, भाजलेल्या विटेच्या चुऱ्यासारखा. विक्रेत्याला कळवलं तर त्याचं म्हणणं, गडद आहे म्हणजे तेच. वरचा रंग फसवा असतो. जाड क्रोकोइट गडद दिसतं, आणि फीनिकोक्रोइट उघड्यावर राहून लिंबासारखं पिवळं पडतं, असं जुन्या वर्णनांतही नोंदलेलं आहे. तो कप आता चहाला वापरत नाही, हे वेगळं सांगायला नको.

त्या ‘हळदी’वरून आठवलं. हळकुंडांना तकाकी यावी म्हणून भेसळ करणारे जो लेड क्रोमेट चोळतात, तो रासायनिक दृष्ट्या क्रोकोइटच. शिसं आणि सहा संयुजेचं क्रोमियम, दोन्ही विषारी. तेव्हा कस पाहायचा तर एका कणावर, नंतर कड ओल्या कागदाने पुसायची, हात धुवायचे. तुकडा बंद डबीत आणि मुलांच्या हाताबाहेर. बंद डबीतून पाहायला काहीच धोका नाही.

दिसण्याच्या शर्यतीत तुलनाच नाही. टास्मानियाच्या पश्चिमेला डंडास इथल्या ॲडलेड खाणीतून येणारे क्रोकोइटचे स्फटिक म्हणजे शेंदरी काड्यांचा विस्कटलेला जुडगा. लांब, उभ्या रेषा असलेले, काही टोकाशी पोकळ. टास्मानियाने 2000 साली ते राज्याचं खनिज ठरवलं, ते उगाच नाही. पण ठिसूळपणाही तसाच. स्टिल्बाइटसारख्या झिओलाइटांप्रमाणे नळाखाली धरायचं नाही. पाण्याने ते विरघळत नाही, पण काड्या मोडतात. कुरियरमध्ये निम्मे स्फटिक डबीच्या तळाशी जमा होण्याची तयारी ठेवा. थेट उन्हात ठेवलं तर झळाळी आणि पारदर्शकपणा कमी होतो, म्हणून खिडकीजवळचा कप्पा नको.

दोन्ही दुर्मीळ का, याचं कारण एकच. शिसं आणि क्रोमियम सहसा एकत्र नांदत नाहीत. क्रोमियम सर्पेंटाइनसारख्या खोलवरून आलेल्या खडकांत, शिसं गॅलेना या त्याच्या खनिजाच्या शिरांत. दोन्ही शेजारी यावेत, वरच्या थरात हवापाण्याने त्यांचं ऑक्सिडीकरण व्हावं, तेव्हा कुठे क्रोमेट तयार होतं. आपल्याकडचंच पाहा ना, क्रोमाइट या क्रोमियमच्या खनिजाचे मोठे साठे ओडिशात सुकिंदाला आणि शिसं राजस्थानात.

यातून दोघांपैकी कोण तयार होईल, हे ठरायला पाण्याचा आम्लारी गुण, म्हणजे अल्कलीपणा, मोठं काम करतो. रंगाच्या कारखान्यात हे एकेकाळी रोजचं होतं: क्रोम यलो म्हणजे कृत्रिम क्रोकोइट, त्यावर अल्कलीची प्रक्रिया केली की ते नारिंगी-लाल होतं, आणि तो क्रोम रेड म्हणजे कृत्रिम फीनिकोक्रोइट. म्हणजे कारखान्यात जे पोत्यांनी बनायचं, तेच निसर्गात नखाएवढं मिळालं तरी आपण हरखतो.

फीनिकोक्रोइटच घ्यायचं ठरलं असेल तर विक्रेत्याला आधी खाण विचारा, नुसता देश नको. बेरेझोव्स्क, ॲरिझोनातल्या विकेनबर्गजवळच्या शिशाच्या खाणी किंवा चिलीतलं काराकोलेस असं काही सांगता आलं पाहिजे. मग विश्लेषण कशाने केलं ते विचारा. क्ष-किरणांची किंवा रामन वर्णपटाची नोंद असेल तर उत्तम, ‘रंगावरून’ असं उत्तर आलं तर क्रोकोइटच्या भावाने घ्या. ॲरिझोनाच्याच तुकड्यांवर हेमिहेड्राइट हे तिसरं शिशाचं क्रोमेटही असतं. त्यात जस्त आणि सिलिकेटही येतं, स्फटिक त्रिनताक्ष (तिन्ही कोन तिरके), आणि ते नारिंगीपासून जवळजवळ काळ्यापर्यंत कुठल्याही रंगाचं निघू शकतं. चिठ्ठीवर एकच नाव आणि तुकड्यावर तीन क्रोमेटं, असंही होतं. माझ्या मते असाच तुकडा घ्यावा. दहा पट भिंगाखाली एका कडेला विटकरी, तिच्यालगत शेंदरी आणि मधूनच तपकिरी कण दिसले की त्या एका तुकड्यावर दोन-तीन रविवार आरामात जातात.