मेल दुरुस्तीच्या नावाखाली बाबांना घातलेला गंडा

कॉम्प्युटरवरचा एखादा जुना प्रोग्रॅम काढून टाकल्यावर ईमेल उघडेनासा झाला, तर कृपया सर्चमध्ये वरती दिसणाऱ्या ‘हेल्पलाइन’ला फोन लावू नका. माझ्या बाबांनी साताऱ्याहून असा फोन लावला आणि ५५,४९९ रुपये गेले. ज्या कामासाठी गेले, ते सेटिंग्जमध्ये जाऊन मिनिटभरात होतं आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

बाबा सोसायटीचे सचिव आहेत. सभासदांचे ईमेल पत्ते त्यांनी एक्सेलमध्ये लिहून ठेवलेत. पत्त्यावर क्लिक केलं की मेल लिहायची खिडकी उघडते, त्यातूनच मेंटेनन्सच्या नोटिसा जातात. विंडोजमधलं जुनं ‘मेल’ अ‍ॅप ३१ डिसेंबर २०२४ नंतर कंपनीने बंद केलं, तेव्हापासून त्यांनी दुसरा एक प्रोग्रॅम घेतला होता. पुढे जागा करायची म्हणून नको असलेलं बरंच काही काढलं, त्यात तोही गेला. मग पत्त्यावर क्लिक केलं की इंग्रजीत सूचना यायला लागली. अर्थ एवढाच, की या कामासाठी कोणताही ईमेल प्रोग्रॅम जोडलेला नाही.

यात काहीही बिघडलेलं नसतं. ईमेलच्या पत्त्यावर क्लिक झाल्यावर कोणता प्रोग्रॅम उघडायचा याची नोंद विंडोजकडे असते. तो प्रोग्रॅमच काढला की नोंद अधांतरी राहते, ती पुन्हा भरायची, बस्स. पण सूचना वाचली की वाटतं, मेल गेले, खातं गेलं. बाबांनी ते वाक्य जसंच्या तसं सर्चमध्ये टाकलं. पहिला निकाल पैसे देऊन लावलेली जाहिरात होता. त्यावर एका मोठ्या कंपनीचं चिन्ह आणि टोल-फ्री नंबर.

पलीकडचा माणूस अदबीने, ‘सर, सर’ करत बोलला. त्याने दूरून कॉम्प्युटर चालवायचं अ‍ॅप उतरवून घ्यायला लावलं. ते अ‍ॅप खोटं नव्हे, ऑफिसातले आयटीवाले रोज वापरतात. म्हणूनच अँटिव्हायरस त्यावर ओरडत नाही.

यापुढचा भाग प्रत्येकाने नीट वाचावा, कारण हाच प्रयोग सगळीकडे केला जातो. त्याने काळी कमांडची खिडकी उघडून ‘असोक’ (assoc) ही आज्ञा दिली. कोणत्या प्रकारची फाइल कोणत्या प्रोग्रॅममध्ये उघडते, याची ती यादी. भराभर वर सरकत गेली आणि थांबली. शेवटाजवळच्या एका ओळीत महिरपी कंसात ८८८ ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक होता. “हा तुमच्या कॉम्प्युटरचा गुप्त लायसन्स नंबर. तो फक्त आमच्याकडे असतो. मी वाचतो, तुम्ही जुळवून बघा.” त्याने वाचला, बाबांनी जुळवला, एकेक अक्षर बरोबर. बाबांचा विश्वास बसला तो इथे. तो क्रमांक लायसन्सचा नाही. विंडोजच्या ‘सेंड टू’ या सोयीतल्या एका तुकड्याची ती खूण आहे आणि तुमच्या, माझ्या, शेजाऱ्याच्या विंडोजवर ती तीच असते. घरी दोन कॉम्प्युटर असतील तर आज्ञा देऊन बघा.

नंतर त्याने इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजमधल्या घडामोडींची नोंदवही, उघडला. तिथे लाल-पिवळ्या खुणांच्या रांगाच रांगा असतात, धडधाकट मशीनवरसुद्धा. त्याने सांगितलं, हे सगळे व्हायरस. मग कॉम्प्युटरच्या चालू नेटवर्क जोडण्यांची यादी दाखवली, त्यात ‘फॉरेन अ‍ॅड्रेस’ असा रकाना होता. परदेशी हॅकर घुसलेत म्हणाला. प्रत्यक्षात तिथे फक्त जोडणीच्या पलीकडच्या टोकाचा पत्ता असतो. बाबांनी आयुष्यभर हिशेब तपासलेत, पुराव्याशिवाय ते कोणाचं ऐकत नाहीत. म्हणून त्यांना पुरावेच दाखवले गेले, सगळे खरेखुरे पडद्यावरचे, फक्त अर्थ खोटा.

तीन वर्षांच्या ‘संरक्षणा’चे ७,४९९ रुपये यूपीआयने घेतले. आणि मेल त्याने खरोखर चालू करून दिला! सेटिंग्जमध्ये जाऊन दोन-चार क्लिक. त्यामुळे बाबांना संशय आलाच नाही. ते अ‍ॅपही तसंच राहिलं, कधीही आत शिरता येईल असा पासवर्ड लावून.

काही दिवसांनी त्याचाच फोन. कंपनीने योजना बंद केली, पैसे परत द्यायचेत. बाबांना नेटबँकिंग उघडायला लावलं, मग ‘अपडेट चालू आहे’ म्हणून पडदा काळा केला. मोबाइलवर ओटीपी आला. मेसेजमध्ये नवीन लाभार्थी जोडण्यासाठी असं स्पष्ट लिहिलेलं, पण तो एकीकडे घाई करत होता, “सर, साठ सेकंदांत रिफंड रद्द होईल.” नंतर अजून एक ओटीपी. ४८,००० रुपये गेले.

आईने मला पुण्याला फोन केला. मी लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर आणि बँकेत लेखी. इथे वेळेला फार किंमत आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पासवर्ड दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. शिवाय पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळवले जातात, तक्रार लवकर गेली तर वाटेत अडवता येतात. आमचे १९,००० असे एका खात्यात गोठवले गेले.

आता खरी दुरुस्ती. विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, अ‍ॅप्स, डीफॉल्ट अ‍ॅप्स, आणि तिथे ‘ईमेल’खाली हवा तो प्रोग्रॅम निवडायचा. विंडोज ११ मध्ये त्याच पानावरच्या शोधपट्टीत ‘मेलटू’ (mailto) हा शब्द इंग्रजीत टाईप करायचा आणि समोर येणाऱ्या नोंदीत प्रोग्रॅम बदलायचा. यादीत एकही नसेल तर आधी एखादा घ्यावा लागतो. प्रोग्रॅम काढला म्हणून मेल पुसले जात नाहीत. आयमॅप पद्धतीच्या खात्याचे मेल सर्व्हरवरच असतात, ब्राउझरमधून लॉगिन केलं की दिसतात. पॉप पद्धतीने फक्त कॉम्प्युटरवर उतरवलेले असतील, तर मात्र काढण्याआधी त्यांची प्रत घ्या.

असा माणूस आत्ता या क्षणी तुमच्या मशीनवर असेल, तर आधी इंटरनेट तोडा, वायर उपसा, वायफाय बंद करा. पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. आम्ही ते अ‍ॅप काढलं, विंडोज नव्याने टाकलं, ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड बदलले. गोठवलेली रक्कम न्यायालयाच्या आदेशाने परत मिळू शकते असं पोलिसांनी सांगितलंय. तो अर्ज केलाय, तारीख अजून मिळालेली नाही.